ई-रेटचा चार्ज घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या तंत्रज्ञान विभागात मी काम करते. आधीचे सहकारी निवृत्त झाले आणि ई-रेटचं, म्हणजे शाळांच्या इंटरनेटसाठी मिळणाऱ्या सरकारी सवलतीचं, काम माझ्याकडे आलं. मला नेटवर्क येत होतं, स्विच आणि फायरवॉल येत होते, पण सरकारी निधीचं दप्तर कधी हातात घेतलेलं नव्हतं. आता आपल्यातलेच बरेच जण अशा जागांवर येत आहेत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, फोनवर, कधी रात्री उशिरा मेसेजवर तेच तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवते आहे.

डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडचा जिल्हा का?

नाही. सातारा किंवा नांदेड म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं ते इथे आणू नका. स्कूल डिस्ट्रिक्ट ही फक्त सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था असते. बहुतेक ठिकाणी तिचं मंडळ निवडून आलेलं असतं, त्याखाली सुपरिंटेंडेंट असतो आणि पैशाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. देशात असे १३ हजारांहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत. एखाद्याकडे दोनच शाळा असतात, एखाद्याकडे शेकडो. छोट्या ठिकाणी ई-रेट, वायफाय आणि बिघडलेले प्रिंटर हे सगळं एकाच माणसाकडे असतं, आणि खरी अडचण तिथेच होते.

ई-रेट म्हणजे नेमकं काय?

शाळांना आणि सार्वजनिक ग्रंथालयांना इंटरनेट आणि इमारतीतलं नेटवर्क सवलतीत मिळावं यासाठीची केंद्रीय योजना. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्यात तिची तरतूद झाली, १९९७ मध्ये एफसीसीने, म्हणजे केंद्रीय दूरसंचार आयोगाने, नियम केले आणि १९९८ पासून निधी सुरू झाला. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या फक्त ३ टक्के वर्गखोल्यांत इंटरनेट होतं. २००५ पर्यंत ते प्रमाण ९४ टक्क्यांवर गेलं. सगळं श्रेय या एका योजनेचं नाही, पण तिच्याशिवाय गरीब आणि ग्रामीण शाळा एवढ्या वेगाने जोडल्या गेल्या नसत्या, असं मला मनापासून वाटतं.

पैसा आयकरातून येत नाही. तुमच्या फोनच्या बिलावर ‘युनिव्हर्सल सर्व्हिस’ नावाची ओळ असते ना, तो पैसा या निधीत जातो. नियम एफसीसी करते आणि रोजचा कारभार युसॅक नावाची ना-नफा कंपनी पाहते. तुमचा सगळा पत्रव्यवहार युसॅकशी असेल.

ही योजना टिकणार आहे का? कोर्टात खटला होता ना?

होता. हा निधी गोळा करण्याची पद्धतच घटनाबाह्य आहे, असा दावा होता. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती पद्धत वैध ठरवली. त्या सकाळी आमच्या ऑफिसात कुणीच दुसरं काम करत नव्हतं.

चार्ज घेतल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं?

ईपीसीमध्ये शिरता येतं का ते पाहा. ईपीसी हे युसॅकचं पोर्टल. सगळे फॉर्म, सगळी पत्रं, सगळी उत्तरं तिथेच. प्रत्येक संस्थेचा त्यात एकच ‘अकाउंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असतो आणि इतरांना कोणते हक्क द्यायचे ते तोच ठरवतो: कुणाला फॉर्म प्रमाणित करण्याचा पूर्ण हक्क, कुणाला फक्त भरण्याचा, कुणाला फक्त बघण्याचा. आधीचा माणूस अजून नोकरीत असेल तर त्याच्या शेजारी बसून ही जबाबदारी तुमच्या नावावर करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. तो निघून गेला असेल तर युसॅकच्या ग्राहक सेवा केंद्राकडून बदल करून घ्यावा लागतो, त्यात दिवस जातात, आणि नेमकी तेव्हाच एखादी मुदत संपत असते.

यानंतरचं सांगते ते माझ्यावर बेतलेलं आहे. सहकारी निवृत्त झाले आणि आमच्याच विभागाने नेहमीच्या पद्धतीने त्यांची मेलबॉक्स बंद केली. आमच्या अर्जाची छाननी तेव्हा चालू होती. छाननी करणारे प्रश्न पाठवतात आणि उत्तराला १५ दिवस देतात. ते प्रश्न त्या बंद पेटीत जात होते. मी दुसऱ्याच कामासाठी ईपीसी उघडलं, समोर प्रश्न दिसला आणि हातात चार दिवस उरले होते. तीन शाळांच्या इंटरनेटचा निधी त्या एका उत्तरावर अडकला होता. उत्तर वेळेत गेलं, पण ते चार दिवस मी विसरलेले नाही. म्हणून दुसरं काम हे: संपर्कासाठी व्यक्तीचा नाही, विभागाचा सामायिक ईमेल पत्ता ठेवा आणि तो निदान दोघांनी वाचावा.

मागचं दप्तर किती मागे जाऊन पाहायचं?

दहा वर्षं. सेवेच्या शेवटच्या दिवसापासून दहा वर्षं कागद जपणं बंधनकारक आहे. ऑडिटर पाच वर्षांपूर्वीच्या खरेदीबद्दल विचारायला येईल तेव्हा ‘मी तेव्हा इथे नव्हते’ हे उत्तर चालत नाही, कारण प्रश्न तुम्हाला नसतो, डिस्ट्रिक्टला असतो. चार्ज घेतला की मागची दहा वर्षंही तुमच्या पदरात येतात. हे कोणी मुलाखतीत सांगत नाही.

आधीचा माणूस जायच्या आत त्याच्याकडून काय घ्यायचं, याचा माझा क्रम असा आहे. आधी चालू करार, त्यांच्या संपण्याच्या तारखांसह. मग प्रत्येक वर्षी आलेल्या सगळ्या बोली, हरलेल्यासुद्धा. त्यांचं गुणपत्रक, म्हणजे कोणाला किती गुण दिले आणि का. विक्रेत्यांबरोबरचे ईमेल. बिलं आणि डिस्ट्रिक्टने आपला वाटा भरल्याचे पुरावे. उपकरणांची नोंदवही. आणि शेवटी एक तास नुसतं बोलणं: कोणती शाळा बंद झाली, कोणती इमारत भाड्याची आहे, कोणत्या कंपनीचं बिल नेहमी चुकतं. हा तास फार मोलाचा असतो. या गोष्टी कुठेही लिहिलेल्या नसतात.

हरलेल्या बोली कशाला, असं वाटेल. पण स्पर्धा खरोखर झाली होती हे सिद्ध करणारा कागद तोच. जिंकलेल्याचा करार तर कोणाकडेही असतो.

वर्ष कसं चालतं?

निधीचं वर्ष १ जुलै ते ३० जून, पण काम त्याच्या वर्षभर आधी सुरू होतं. उन्हाळ्यात किंवा शरदात गरज ठरवायची आणि फॉर्म ४७० टाकायचा. ही तुमची जाहीर निविदा. ती टाकल्यापासून किमान २८ दिवस थांबावंच लागतं, त्याआधी कोणाची निवड करता येत नाही आणि करारही करता येत नाही. मग बोलींची तुलना, मंडळाची मंजुरी, करार. त्यानंतर फॉर्म ४७१, म्हणजे निधीची मागणी. त्याची खिडकी साधारण जानेवारीत उघडते आणि मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या सुरुवातीला बंद होते. पुढे छाननी, मग मंजुरीचं पत्र. सेवा सुरू झाली की फॉर्म ४८६, आणि शेवटी बिलांची परतफेड.

महाराष्ट्रात शाळेत किंवा सरकारी कचेरीत काम केलेल्यांना ३१ मार्चची धावपळ माहीत आहे. इथे तसे पाच-सहा ३१ मार्च वर्षभर विखुरलेले असतात. एकाच वेळी तीन वर्षांचं काम हातात असतं: मागच्या वर्षाची परतफेड, चालू वर्षाची सेवा आणि पुढच्या वर्षाची निविदा. पहिल्या वर्षी माझा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच झाला. शेवटी मी प्रत्येक निधीवर्षाला वेगळ्या रंगाची फाइल केली.

फॉर्म ४८६ बद्दल सगळे एवढं बजावून का सांगतात?

कारण मंजुरीचं पत्र आलं की माणूस सुटल्यासारखा होतो. पण तो फॉर्म भरेपर्यंत एक डॉलरही मिळत नाही. सेवा सुरू झाल्याची तारीख किंवा मंजुरीपत्राची तारीख, यातली जी नंतरची असेल तिच्यापासून १२० दिवसांत तो भरायचा. उशीर झाला तर सेवेची सुरुवातच पुढची धरली जाते आणि आधीच्या महिन्यांचे पैसे जातात.

सवलत किती मिळते आणि ती कशी ठरते?

२० ते ९० टक्के. मोफत किंवा सवलतीच्या दुपारच्या जेवणाला पात्र असलेली मुलं किती आहेत आणि डिस्ट्रिक्ट ग्रामीण आहे की शहरी, यावर ती ठरते. आपल्याकडच्या पोषण आहाराच्या सवयीने इथे गल्लत होते. तिकडे खिचडी वर्गातल्या सगळ्या मुलांना मिळते. इथल्या राष्ट्रीय योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नावरून पात्रता ठरते, आणि ती संख्याच तुमच्या इंटरनेटचं बिल ठरवते. पात्र मुलं ५० टक्क्यांच्या वर गेली की सवलत ८० टक्के, ७५ च्या वर गेली की ९०. ३५ ते ४९ टक्के असतील तर शहरी डिस्ट्रिक्टला ६० आणि ग्रामीणला ७०.

ज्या शाळा ‘कम्युनिटी एलिजिबिलिटी’ खाली सर्वांनाच मोफत जेवण देतात, तिथे थेट पात्र ठरलेल्या, म्हणजे वेगळा अर्ज न करता इतर सरकारी मदतीच्या यादीवरून पात्र धरलेल्या, मुलांच्या टक्केवारीला १.६ ने गुणायचं. थेट पात्र ४० टक्के असतील तर हिशेबाला ६४ टक्के धरायचे, म्हणजे सवलत ८० टक्के. हा गुणाकार विसरून कमी सवलत मागितल्याचं मी पाहिलं आहे. जेवणाचा विभाग सांभाळणाऱ्यांशी पहिल्याच महिन्यात ओळख करून घ्या. तुमचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा त्यांच्याकडे असतो, आणि खिडकी उघडण्याआधी, शरदातच, तो ईपीसीमध्ये दुरुस्त करून ठेवावा लागतो.

कॅटेगरी १ आणि कॅटेगरी २ यात फरक काय?

शाळेच्या भिंतीपर्यंत येणारं ते कॅटेगरी १: इंटरनेट, फायबर, शाळा-शाळांना जोडणाऱ्या लाइन. भिंतीच्या आतलं ते कॅटेगरी २: स्विच, वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट, केबल, त्यांची देखभाल. कॅटेगरी २ मध्ये सवलत जास्तीत जास्त ८५ टक्के आणि पाच वर्षांचं ठरलेलं बजेट असतं. २०२१ ते २०२५ या चक्रात ते दर विद्यार्थ्यामागे १६७ डॉलर होतं. म्हणजे ३,००० मुलांच्या डिस्ट्रिक्टला पाच वर्षांत ५,०१,००० डॉलरची खरेदी दाखवता येत होती. सवलत ८० टक्के असेल तर त्यातले ४,००,८०० निधीतून येणार आणि १,००,२०० डिस्ट्रिक्टने भरायचे. २०२६ पासून पाच वर्षांचं नवं चक्र आहे आणि दर विद्यार्थ्यामागचा आकडा महागाईनुसार वाढला आहे. जुन्या चक्रातलं न वापरलेलं बजेट नव्यात येत नाही.

लॅपटॉप, टॅबलेट, फोन यांना पैसे मिळतात का?

नाही. विद्यार्थ्यांच्या हातातली उपकरणं कधीच पात्र नव्हती. फोनसेवेची सवलत २०१५ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत बंद झाली. शाळेच्या बसमधलं वायफाय आणि घरी न्यायचे हॉटस्पॉट काही काळ पात्र झाले होते, पण सप्टेंबर २०२५ मध्ये एफसीसीने ते निर्णय मागे घेतले. ज्यांच्या घरी इंटरनेट नाही अशा मुलांचा यात तोटा झाला आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण अर्जात ते घालू नका.

काही वस्तू अर्ध्या पात्र असतात. फायरवॉलचा मूळ भाग पात्र, त्यावरच्या प्रगत सुरक्षा सुविधा नाहीत. अशा वेळी विक्रेत्याकडून किंमत फोड करून मागा.

सगळ्यात कमी किमतीची बोलीच घ्यावी लागते का?

आपल्याकडच्या टेंडरवर वाढलेल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. पात्र बोलींत सगळ्यात स्वस्त तोच विजेता, ही सवय इथे जशीच्या तशी लागू होत नाही. ई-रेटमध्ये किंमत हा एकमेव निकष असण्याची सक्ती नाही. पण तो सगळ्यात जास्त वजनाचा निकष असलाच पाहिजे. किंमतीला ३० गुण, अनुभवाला २५, सेवेला २५, करारातल्या अटींना २० असं चालेल. किंमतीला ३० आणि अनुभवालाही ३० असं चालणार नाही. आणि जी किंमत तपासायची ती पात्र वस्तूंचीच.

निकष बोली उघडण्याआधी ठरवून कागदावर आणा. यात लबाडी नसली तरी माणूस नकळत ओळखीच्या कंपनीकडे झुकतो. मी स्वतःला झुकताना पाहिलं आहे. मग गुणपत्रकावर तिघांनी वेगवेगळे गुण देण्याची पद्धत आम्ही सुरू केली.

‘आम्हाला जे जे पात्र आहे ते सगळं हवं’ अशी मोघम निविदाही चालत नाही. टेक्सासमधल्या यस्लेटा डिस्ट्रिक्टच्या प्रकरणात २००३ मध्ये एफसीसीने हे स्पष्ट केलं: सगळ्या सेवांची जंत्री देऊन, प्रत्यक्ष कामाची किंमत न तोलता भागीदार निवडणं ही स्पर्धा नव्हे. नेमकं किती, कुठे, कोणत्या वेगाचं हे लिहा. एखाद्या ब्रँडचं नाव घेतलंच तर ‘किंवा समतुल्य’ हे शब्द हवेतच. राज्याचे आणि डिस्ट्रिक्टचे खरेदीचे नियम याशिवाय वेगळे असतात, तेही पाळावे लागतात.

विक्रेत्याने जेवायला बोलावलं तर?

एका वेळी २० डॉलर आणि एका विक्रेत्याकडून वर्षाला एकूण ५० डॉलर, यापुढे नाही. ही मर्यादा निविदेच्या काळापुरती नाही, वर्षभराची आहे. दिवाळीची मिठाई किंवा ख्रिसमसची टोपली घेऊन कोणी आलं की नाही म्हणणं आपल्या माणसाला जड जातं, मलाही गेलं. मी आता आधीच सांगते की नियम असा आहे, आणि कोणाला वाईट वाटत नाही.

त्याहून धोकादायक म्हणजे ‘तुमचा वाटा आम्ही सोडून देतो’ हे वाक्य. डिस्ट्रिक्टने आपला वाटा भरलाच पाहिजे, तोही सेवा मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत. तो माफ करणं, फुकट उपकरणं देऊन भरपाई करणं, हे सगळं नियमभंगात येतं. निविदेचे कागद विक्रेत्याने लिहून देणंही तसंच.

परतफेडीच्या दोन पद्धती आहेत म्हणतात. कोणती घ्यावी?

बेअर पद्धतीत तुम्ही पूर्ण बिल भरता आणि सवलतीचे पैसे नंतर मागता. एसपीआय पद्धतीत कंपनी फक्त तुमच्या वाट्याचं बिल पाठवते आणि उरलेलं युसॅककडून घेते. निवड तुमची असते, कंपनीची नाही. आमच्यासारख्या हात आखडून चालणाऱ्या डिस्ट्रिक्टला मोठ्या खरेदीत एसपीआय सोयीची पडते. महिन्याच्या इंटरनेट बिलाला बेअरने हिशेब स्वच्छ राहतो. बेअरसाठी फॉर्म ४९८ मध्ये बँकेचे तपशील लागतात, आणि तिथेही जुन्याच माणसाचं नाव असण्याची शक्यता आहे.

सीपा काय आहे? फिल्टर लावलं की झालं का?

नाही झालं. ई-रेटसाठी पाळाव्या लागणाऱ्या २००० सालच्या या बालसंरक्षण कायद्यात फिल्टर हा एक भाग आहे. दुसरा भाग म्हणजे इंटरनेट सुरक्षेचं लेखी धोरण, त्यावर जाहीर सूचना देऊन घेतलेली सभा आणि मुलांना ऑनलाइन वागणुकीचं शिक्षण. धोरण बहुतेकांकडे असतं. ती सूचना आणि त्या सभेचं इतिवृत्त मात्र कुणाकडेच सापडत नाही. सापडलं नाही तर शोधत बसू नका, मंडळाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर धोरण पुन्हा ठेवा, रीतसर सूचना द्या, आणि इतिवृत्ताची प्रत त्याच दिवशी फाइलला लावा.

जुने करार चालू असतील तर दरवर्षी नव्याने निविदा काढावी का?

करार अनेक वर्षांचा असेल आणि मूळ निविदा नीट झाली असेल तर फॉर्म ४७० पुन्हा लागत नाही. पण फॉर्म ४७१ दरवर्षी लागतो. करार संपण्याची तारीख आणि त्यात मुदतवाढीची तरतूद आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. ‘अजून दोन वर्षं आहेत बहुतेक’ या वाक्यावर विसंबू नका.

जुनी उपकरणं टाकून देता येतात का?

बसवल्यापासून पाच वर्षं झाल्यावर. तोपर्यंत विकायची नाहीत. मेक, मॉडेल, सीरियल नंबर आणि खोली एवढं नोंदवहीत हवं. ऑडिटर खरोखर शिडी लावून छतावरचा अ‍ॅक्सेस पॉइंट पाहू शकतात, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा सगळ्या इमारती फिरून या. मला त्या फेरीत एका कपाटात खोके न फोडलेले स्विच सापडले होते. त्याच आठवड्यात आम्ही ते बसवले.

अर्ज नामंजूर झाला किंवा मुदत चुकली तर सगळं संपलं का?

नाही. पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत आधी युसॅककडे अपील करता येतं आणि तिथे नाही झालं तर एफसीसीकडे. फॉर्म ४७१ ची खिडकी चुकली तर एफसीसीकडे माफीचा अर्ज करावा लागतो. खिडकी बंद झाल्यापासून १४ दिवसांत फॉर्म भरला असेल तर साधारणपणे ती मिळते. म्हणून चूक लक्षात आल्यावर लाजून गप्प बसू नका. त्याच दिवशी फॉर्म भरा, मग माफी मागा.

सल्लागार कंपनी नेमली तर मला हे सगळं शिकायची गरज आहे का?

आहे. चांगला सल्लागार तारखा सांभाळतो, फॉर्म भरतो, छाननीची उत्तरं तयार करतो. छोट्या डिस्ट्रिक्टने नेमावा असंच माझं मत आहे. पण त्याचा कोणत्याही विक्रेत्याशी संबंध नसावा, त्याला दिलेलं लेखी अधिकारपत्र फाइलला असावं, आणि त्याच्याकडून चूक झाली तरी जबाबदारी डिस्ट्रिक्टचीच राहते. बोलींचे गुण आपल्या माणसांनीच द्यावेत.

मी ही नोकरी सोडताना काय ठेवून जाऊ?

मी एक कागद ठेवते आणि दर तीन महिन्यांनी नवा करते. त्यावर ईपीसीमध्ये कोणाला कोणते हक्क आहेत, पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा, करार संपण्याच्या तारखा, कोणत्या अर्जाची छाननी चालू आहे, आणि दहा वर्षांच्या फाइली कोणत्या फोल्डरमध्ये आहेत, एवढंच. त्याची एक प्रत हिशेब विभागात आणि एक सुपरिंटेंडेंटच्या सेक्रेटरीकडे असते. माझी मेलबॉक्स बंद करण्याआधी कोणाला विचारायचं, ते त्या कागदाच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं आहे.